श्रीपूरच्या घराचं चित्र

मी सोलापुरात फ्लॅट घेतला आणि आईवडील माझ्याकडे राहायला आले. वडील श्रीपूरला साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, पुढं क्वार्टरांची ती जुनी चाळही पाडली गेली. माझं सगळं लहानपण तिथल्या दोन खोल्यांत गेलं, पण त्या खोल्यांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. फोटो माणसांचे काढायचे, घराचा कोण काढतो?

त्या उन्हाळ्यात मला घरच्या कॉम्प्युटरवर एआयनं चित्रं काढायचा नाद लागला होता. हवं ते शब्दांत लिहायचं आणि वाट बघायची. कॉम्प्युटर जुना, इतका तापायचा की शेजारी टेबलफॅन लावावा लागे. एका दुपारी आई सुपात शेंगा फोडत जवळ बसली होती. म्हणाली, "कसली परक्या मुलखातली डोंगरं काढतीस? आपलं श्रीपूरचं घर काढ की."

मी लिहिलं, साखर कारखान्याच्या वसाहतीतलं छोटं घर. चित्र आलं : लाल कौलं, मागं नारळी, अंगणात झोपाळा.

आई हसायलाच लागली. "आपण कोकणात कवा ऱ्हायलो गं?"

तिचं हसणं ऐकून वडील बाहेर आले. एरवी ते फारसं बोलत नसत. चष्मा लावून त्यांनी बघितलं. "पत्रा हाय आपला. पत्र्यावर दगडं ठेवल्यात, ते सांग त्याला."

‘होता’ नाही, ‘हाय’ म्हणाले.

मग दोघं सांगत गेले, मी लिहीत गेले. मागची कारखान्याची चिमणी आली, दारापुढची दोरी आली. हंगामात त्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडायची आणि आई ते परत धुवायची. चित्रातले कपडे मात्र पांढरेशुभ्र. लिंबाचं झाड न्हाणीकडं होतं की दाराकडं, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मला ते दाराकडं आठवत होतं, पण मी मध्ये पडले नाही.

पुढच्या चित्रात दारात एक बाई उभी होती. मी तर तिच्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

"ही कोन बया?" आईनं विचारलं.

"तूच की," वडील म्हणाले. "भोंगा झाला की अशीच उभी ऱ्हायचीस."

"तुमाला दिसायचं व्हय तितनं?"

"कोपऱ्यावर सायकल वळली की दिसायचं."

आईनं हातातली शेंग न फोडताच ठेवली. म्हणाली, "माजं पातळ असलं नव्हतं," आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

त्यानंतर वडील रोज दुपारी येऊन बसायला लागले. उसाच्या गाड्या काढायला लावायचे. बैलाला पाच पाय आले की पोट धरून हसायचे. लहानपणी ऐकलं नाही एवढं त्यांचं बोलणं मी त्या उन्हाळ्यात ऐकलं.

थंडीत ते गेले.

काही दिवसांनी आई आपण होऊन कॉम्प्युटरजवळ आली. "सायकलवरनं येताना काढ की त्यांना."

मी काढत राहिले. दर वेळी कुणीतरी परकाच माणूस यायचा. आई मान हलवायची.

"पाठमोरे काढू का?"

"नको. निघाल्यावानी वाटतंय. लांबनं काढ. तोंड न्हाय दिसलं तरी चालंल, येत्यात एवढं कळाय पायजे."

तसं काढलं. रस्ता, धूळ, आणि पार टोकाला बोटभर सायकल. आईनं खुर्ची पुढं ओढली. "व्हय," म्हणाली. मग बराच वेळ ती बघत बसली, आणि स्क्रीन बंद होऊ नये म्हणून मी अधूनमधून माउस हलवत राहिले.