परसातली पपई

कंधारला आमच्या शेजारी राहतात त्या मावशी कुणाचं ऐकून घेत नाहीत. समोरचा बोलायला लागला की 'हाव, हाव' म्हणत मान हलवतात आणि आपलंच पुढे चालू ठेवतात. त्यांच्या परसात पपईचं झाड आहे. सून पोटुशी राहिल्यापासून त्यावरचं एकही फळ त्या घरात ठेवत नाहीत. पिवळं पडायला लागलं की उतरवून थेट आमच्याकडे आणून देतात.

सून म्हणजे सतरा वर्षांची पोर. दिवेलागणीनंतर तिला दिसेनासं होतं. अंगणातली बादलीसुद्धा पायाला लागल्यावरच कळते.

"पोटुशीला होतंच तसं," मावशी म्हणतात. "मला बी झालं होतं. बाळंत झाली की जातंय."

मी एकदा सांगून पाहिलं, "मावशी, डोळ्यांना पपईच चांगली. पिकलेली चालते, नर्सबाई म्हणाल्यात. तिलाच द्या."

पहिल्यांदाच त्या 'हाव' म्हणाल्या नाहीत. "पपई लई गरम असती, बाई. पहिलं लेकरू पोटातच गेलं तिचं. परत तसं झालं तर नर्सबाई येणार हाय का रडायला?"

सांज झाली की त्या सुनेला घटकाभरही एकटं सोडत नाहीत. काल दिवे लागल्यावर दोघी आमच्या दारात आल्या. मावशींच्या एका हातात पिकलेली पपई होती, दुसऱ्यात सुनेचा हात.

"सांभाळ माय, पायरी हाय," त्या तिला हळूच म्हणाल्या आणि पपई माझ्यापुढे केली.

पोरीने वासाकडे तोंड वळवलं.