तांबडं, तांबडं आन् तांबडं

माझ्या गाडीच्या इंजिनाला भर एप्रिलात थंडी वाजली होती. कारण मीच.

बहीण वैशालीसाठी मलकापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा-मुलीची पसंती झाली होती, आम्ही मुलाचं घर बघायला जायचं तेवढं राहिलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता. तिनं मला बजावलं होतं, "दादा, तिथं जाऊन हुशारी दाखवू नको." म्हणून मी ती इथंच दाखवली.

आदल्या दिवशी गाडी आचके द्यायला लागली. मेस्त्री म्हणाला, आत येणारी हवा किती गरम आहे हे इंजिनाला सांगणारा सेन्सर गेलाय, नवा यायला चार दिवस लागतील. मी वीस वर्षं लक्ष्मीपुरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय. (हल्ली कुणी आणत नाही, पण हात शिवशिवतात.) म्हटलं, सेन्सर म्हणजे शेवटी काय, एक रेझिस्टर! बावीसशे ओहमचा लावला की इंजिन समजतंय, हवा बरी आहे.

रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. बावीसशेला तिन्ही पट्टे तांबडे. चष्मा दुकानात राहिला होता, म्हणून डबा नेसरीच्या आत्तीपुढं ठेवला आणि तसला एक शोधून द्यायला सांगितलं. तिनं लगेच काढून दिला.

"नीट बघितलंस न्हवं?"

"तांबडं, तांबडं आन् तांबडं. आंधळी हाय व्हय मी?"

आता आत्तीच्या लेखी टोमॅटो तांबडा, गाजर तांबडं आणि पिकलेली पपईसुद्धा तांबडीच. हे मला लहानपणापासून माहीत आहे. (त्या दिवशी आठवलं नाही.) तिनं दिलेल्याचा तिसरा पट्टा नारिंगी होता, म्हणजे ओहम झाले बावीस हजार; आणि ओहम जितके जास्त, तितकी हवा गार. इंजिनाची खात्री पटली की बाहेर बर्फ पडतोय, आणि ते ऊब आणायला पेट्रोल ढोसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी निघालो, तर वाटेत बांबवड्यापर्यंतच निम्मी टाकी संपली. मागं काळाकुट्ट धूर. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन शांतपणे म्हणाला, "पावणं, गाडी पेटलीया तुमची." आत्तीनं काच खाली करून त्याला अभिमानानं सांगितलं की गाडी आमच्या पोरानं स्वतः दुरुस्त केलीया.

मलकापुरात मुलाच्या दारात सगळी वडीलधारी मंडळी टोप्या घालून उभी होती. आम्ही पोचलो आणि ती दिसेनाशी झाली. धूर निवळला तेव्हा गाडी बंद पडली होती आणि पुढचा माणूस खोकत होता.

मुलगा काय करतो हे सांगायचं राहिलं. तो गाड्यांचा धूर तपासून पीयूसी देतो.

त्यानं बॉनेट उघडलं, रेझिस्टर उपसून उजेडात धरला. "दादा, तिसरा पट्टा नारिंगी हाय की."

"तांबडाच हाय त्यो," आत्ती म्हणाली.

सोयरीक मोडली तर वैशालीला काय तोंड दाखवू?

पण मुलाचे वडील भले माणूस. चहा झाला, पोहे झाले, आणि लगेच लग्नाची यादी करायला बसले. मानपान नको, आहेर नको, काही नको म्हणाले. फक्त एकच अट लिहून घेतली: नवरीच्या भावानं लग्नाला एसटीनं यावं.

मला जरा लागलं. बाहेर येऊन वैशालीला फोन केला, म्हटलं, अशी अशी अट घातलीया, सही करू का?

ती म्हणाली, "कर की. आन् परत जातानाबी एसटीच, हे लिहायचं राहिलं आसंल तर बघ."