आंधळगावचा करवती काठ

आई गेल्यावर बाबा आंधळगावला एकटे पडले, म्हणून त्यांना भिलाईला घेऊन यायला मी निघाले. एकसष्ट साल असेल. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. माझे यजमान तिथे क्लार्क होते आणि सेक्टरमधलं नवंकोरं क्वार्टर आम्हाला मिळालं होतं. नळावर देशभरच्या बायका जमायच्या. कोण कुठली ते लुगड्याच्या काठावरून कळायचं. माझ्या काठावरचे करवतीचे दाते बघून एकीने सरळ विचारलं होतं, "भंडाऱ्याकडली का व तू?" त्या दिवशी गावच्या आठवणीने मला जेवण गेलं नाही.

दुर्गहून सकाळची पॅसेंजर. गोंदियाला आलुबोंडा नक्की खा, तेव्हाही तो तिखटजाळ होता. तुमसर रोडला उतरून मोटारीने मोहाडी, पुढे बैलगाडी. आता गावापर्यंत डांबरी सडक आहे, पण गल्लीतून पायीच जा. अजून एखाद्या घरातून मागाची खटखट येते.

बाबा मागावरच होते. पाय जमिनीतल्या खड्ड्यात, मागाच्या पट्ट्या आळीपाळीने दाबत; समोर मधाच्या रंगाचं टसर रेशीम. करवती काठाला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, दात्यादात्याला धागे एकमेकांत अडकवावे लागतात. दिवसभरात हातभर विणलं तरी पुष्कळ. मी क्वार्टरचं कौतुक सांगत राहिले: वीज, नळ, सिमेंटची जमीन. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "खोदता येते का वो बाई ते जमीन?"

"नाही न बाबा. सरकारी आहे ते."

"मंग मी पाय कोठी सोडू?"

मी एकटीच परतले. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जवळच्या कुरुद गावात मातीचं घर भाड्याने मिळेल, तिथे हवा तेवढा खड्डा खोदू. मला हे सुचलंच नव्हतं. त्याच दिवशी पत्र टाकलं. ते पोचायच्या आत बाबाच दारात उभे राहिले. माग विकून, खड्डा बुजवून, वर सारवून आले होते. पोरीला एकटीला परत जाताना बघवलं नाही, एवढंच म्हणाले. कुरुदचं सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागितला.

सहा वर्षं राहिले. कधी तक्रार नाही. सकाळी ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसायचे, आणि बोलता बोलता ते पाय आपोआप खालीवर व्हायला लागायचे, एकदा उजवा, एकदा डावा. ते दिसलं की मी काहीतरी काम काढून आत निघून जायचे.