दत्ताचा तिसरा कॉबलर

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी फोन वाजला. पडद्यावर अश्विनीचं नाव दिसलं आणि हॅलो म्हणायच्या आधीच मी विचारलं, "आले का गं पीच बाजारात?" पीच आपल्याकडे येतात ते हिमाचलातून, तेही उन्हाळ्याच्या शेवटी दीड-दोन महिन्यांसाठी. तिचे वडील, म्हणजे माझा मित्र दत्ता, आणि मी होळीपासूनच त्यांची वाट बघत होतो. पलीकडून ती म्हणाली, "काका… बाबा गेले. झोपेतच." त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. पण बापाच्या मरणाची बातमी द्यायला फोन केलेल्या पोरीला आपण फळांचं विचारलं, याची लाज मला पुढे कितीतरी दिवस जाळत राहिली. दहाव्याला घाटावर मी तिला तसं बोलून दाखवलं, तर ती डोळे पुसता पुसता हसली. म्हणाली, "बाबांनी तरी दुसरं काय विचारलं असतं?"

खरंच दुसरं काही विचारलं नसतं! आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या वर्षापर्यंत आम्हा दोघांपैकी एकानंही पीच कॉबलर या पदार्थाचं नाव ऐकलेलं नव्हतं. दत्ता ताथवड्याच्या जुन्या शेतकरी घरातला. मी लातूरकडचा, पोटासाठी चिंचवडला आलेला. चाकणच्या एका कारखान्यात हार्डनिंग शॉपमध्ये आम्ही तीस वर्षं शेजारी शेजारी उभे राहिलो. काम सांगायला सोपं: गिअर भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे, ठरलेला वेळ त्याच उष्णतेत मुरू द्यायचे, आणि बाहेर निघाले की क्षणाचाही उशीर न करता तेलाच्या टाकीत बुडवायचे. करायला मात्र ते महाकठीण. दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की सगळा माल भंगारात. दत्ताला भट्टीच्या झरोक्यातून नुसता रंग बघून तापमान कळायचं. "मीटर खोटं बोलंल राव, रंग न्हाई बोलायचा," असं म्हणून तो इंजिनीअर लोकांना वेड लावायचा. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. यानं साहेबांकडे एक जुना थर्मोकपल मागितला, तापमान मोजायची तार! तीच घेऊन हा पठ्ठ्या फेटा बांधून घरी गेला.

आता त्याच्या चुकीबद्दल लिहायला हवं, कारण मित्र गेला म्हणून त्याला देव करण्यात अर्थ नाही. पत्नी गेल्यावर दत्तानं एकुलत्या एका मुलीला, अश्विनीला, एकट्यानं वाढवलं, इंजिनीअर केलं. तिला वाकडला चांगली नोकरी लागली, आणि चार वर्षांनी ती सोडून तिनं तिथंच एक गाळा घेऊन बेकरी काढली. उद्घाटनाचं बोलवायला ती पेढ्यांऐवजी स्वतः केलेल्या केकचा डबा घेऊन आली तेव्हा मी दत्ताकडेच बसलो होतो. दत्तानं डबा उघडलासुद्धा नाही. "उभा जल्म मी भट्टीपुढं जाळला," तो म्हणाला, "तो तू बी भट्टीपुढंच हुभी ऱ्हावी म्हनून व्हय?" पोरगी बापाच्याच वळणाची. ती म्हणाली, "तुम्हाला तुमच्या भट्टीची लाज वाटते बाबा. मला माझ्या भट्टीची वाटत नाही." आणि गेली. त्यानंतर दीड वर्ष बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मीसुद्धा तेव्हा मित्राच्याच बाजूनं मान डोलावली होती, हेही कबूल करून टाकतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या बायकोनं, विमलनं, एक कारस्थान केलं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं अश्विनीकडून गुपचूप एक पदार्थ मागवला आणि दत्ताला जेवायला बोलावलं. जेवणानंतर वाटीत काहीतरी केशरी, रसाळ, वरून सोनेरी खरपूस असं आलं. तळाला पिकलेल्या पीचच्या फोडी, साखर, लिंबू, दालचिनी, वर लोण्यात मळलेल्या मैद्याचे सैलसर गोळे, आणि ते सगळं भाजताना फळाचा रस उकळून गोळ्यांच्या फटींतून वर आलेला. केकसारखा नट्टापट्टा नाही, गावाकडच्या पाहुण्यासारखं आपलं ऐसपैस! दत्तानं दोन वाट्या संपवल्या आणि तिसरीसाठी वाटी पुढे केली, तेव्हा विमल शांतपणे म्हणाली, "भाऊजी, अश्विनीनं केलंय. याला पीच कॉबलर म्हणतात." माझा घास तोंडातच राहिला. आता हा उठून जातो, असं मला वाटलं. पण दत्ता उठला, तो थेट ओट्यावरच्या भांड्याकडे गेला. चष्मा चढवून त्यानं भांडं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कड न् कड, मध्य न् मध्य, एकच रंग. कुठे करपलेलं नाही, कुठे पांढरं नाही. मग म्हणाला, "भट्टी बरोबर चालिवती पोरगी."

बस्स! त्या एका वाक्यानं सगळं बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो आमच्या दारात हजर, खिशात ती थर्मोकपलची तार. "सुभाष, आपन ह्यो कॉबलर करायचा. आन् तिला न्हिऊन द्यायचा." मी म्हटलं, "अरे, फोन कर की सरळ! चुकलं म्हणावं." तर खाली बघत म्हणाला, "तोंडानं न्हाई जमत मला. म्या जॉब करून दावतो… तिला कळंल." आमच्या घरात मुलानं दिवाळीला घेऊन दिलेला छोटा ओव्हन होता, ज्यात विमल पापड ठेवायची. पापड बाहेर निघाले आणि आमची ट्रायल सुरू झाली. कृती कोणाला विचारायची सोय नव्हती, पण अश्विनीनं तिच्या बेकरीच्या पानावर कॉबलरचा व्हिडिओ टाकलेला होता. त्यात तिचे फक्त हात दिसायचे. दत्तानं तो किती वेळा पाहिला याची गणतीच नाही. मी मापं लिहून घेत होतो आणि हा मधेच म्हणायचा, "हात बघ… आक्षी तिच्या आईचं."

काय दिवस होते ते! आम्ही रिटायर झालो आहोत हेच विसरलो. फळांचं खातं माझ्याकडे, भट्टीचं त्याच्याकडे. दत्तानं आधी रिकामा ओव्हन तापवून त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात तार घातली आणि जाहीर केलं की मागचा उजवा कोपरा माजलेला आहे, तिथं भांडं चिकटवायचं नाही. पिंपरीच्या मंडईत आम्ही एकेक पीच दाबून बघायचो. शेवटी फळवाला वैतागून म्हणाला, "काका, गाल आहेत का ते?" पहिला कॉबलर वरून झकास झाला, पण चमचा खाली घातला तर रस पाण्यासारखा आणि गोळे पोटात कच्चे. दत्ताला उलट आनंदच झाला. "सोकिंग कमी पडलं! वरनं तापलं, आतपतुर मुरलंच न्हाई." आच कमी, वेळ जास्त, असं त्यानं माझ्या वहीत लिहून घेतलं आणि खाली सहीसुद्धा केली.

दुसरी ट्रायल मात्र आमच्यासारख्या दोन गाढवांनाच जमावी अशी झाली. या वेळी विमलची काचेची नवी बशी होती, चांगली खोल. दत्ता ओव्हनपुढे पाटावर मांडी घालून बसलेला, डोळा काचेला लावलेला. कोणाला दार उघडू देईना, बोलू देईना. चाळीस मिनिटांनी तो ओरडला, "रंग आला! काढ!" आणि मग काय झालं ते सांगतो. त्यानं फडक्यात धरून बशी बाहेर काढली, मी परातभर पाणी घेऊन तयारच उभा होतो, आणि त्यानं ती धगधगती काचेची बशी सरळ पाण्यात सोडली! मी परात का भरली, मला माहीत नाही. त्यानं बशी का बुडवली, त्याला माहीत नाही. तीस वर्षं भट्टीतून निघालेला माल आम्ही टाकीत सोडत आलो होतो, हातांनी त्यांचं काम केलं. फाट्‌दिशी आवाज झाला. परातीत काचा, पीच, दालचिनी, सगळं एक. विमल धावत आली, तिनं आमची तोंडं पाहिली, परात पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आता गिअर घट्ट झाला का?" एवढंच तिनं विचारलं. आम्ही दोघं म्हातारे जमिनीवर बसून इतकं हसलो की दत्ताला ठसका लागला. हसता हसता तो एकदम थांबला. म्हणाला, "हंगाम सरत आलाय, सुभाष. औंदा न्हाई जमलं तर… पुढल्या सालापतुर कोन बघितलंय?"

तिसऱ्या वेळी आम्ही स्टीलचा पसरट डबा घेतला आणि परात विमलनं कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. वास सुटला तेव्हा शेजारची दोन बिऱ्हाडं दारात आली. डबा बाहेर निघाला आणि आम्ही तिघंही त्यावर वाकलो. कड न् कड, मध्य न् मध्य, एकच रंग! मला वाटत होतं अजून पाच मिनिटं ठेवावा, तसं मी म्हटलंही, पण दत्ताला धीर कुठला. डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून तो माझ्या स्कूटरवर मागं बसला. काळेवाडी फाट्यावर ही गर्दी! मागून याचं चालूच, "हळू, रस सांडंल… आरं हळू काय, जोरात, गार व्हतोय!" रस्ताभर माझ्या पाठीला त्या डब्याची ऊब लागत होती आणि त्याच्या मांडीला न् बोटांना चटका. एकदाही त्यानं डबा हलवला नाही.

बेकरीत अश्विनी कोपरापर्यंत मैद्यात होती. बापाला बघून ती जागच्या जागी थिजली. रस्ताभर बडबडणाऱ्या दत्तानं डबा काउंटरवर ठेवला, स्वेटर सोडला आणि कसंबसं म्हणाला, "तपासनीला… आनलाय." तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या भाजलेल्या बोटांकडे. मोठा चमचा घेतला आणि वरच्या सोनेरी थराला हातही न लावता बरोबर मधे, तळापर्यंत खुपसला. तोंडात घातला. डोळे मिटले. मला माझ्या दहावीच्या निकालाला इतकी धडधड झाली नव्हती. डोळे उघडून ती म्हणाली, "खालून अजून पाच मिनिटं हवी होती." दत्ता तडक माझ्याकडे वळला, "ह्येला म्हनलं व्हतं म्या!" असा धादांत खोटारडा माणूस! अश्विनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग नाक पुसत, मैद्याचा पट्टा गालावर ओढत म्हणाली, "उद्या सकाळी सातला या. उशीर चालणार नाही मला." दुसऱ्या दिवशी तो साडेसहालाच शटरपुढे उभा होता.

पुढचे दहा महिने तो रोज गेला. गिऱ्हाइकानं विचारलं की छाती काढून सांगायचा, "म्या हितला भट्टी ऑपरेटर." गिऱ्हाइकं हसायची, आणि आत अश्विनीही हसायची. खरं सांगतो, मला थोडा मत्सर वाटायचा. माझ्या सकाळच्या चहाचा सोबती वाकडनं पळवला होता. पण संध्याकाळी तो यायचा ते अंगाला लोणी-साखरेचा वास घेऊन, आणि दिवसभराचे लॉट कसे निघाले ते हातवारे करून सांगायचा, तेव्हा मत्सर टिकायचा नाही. इतका उमललेला दत्ता मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

गेल्या रविवारी मी बेकरीत गेलो. पीच आले होते, टेबलावर टोपलीभर. अश्विनीनं एक स्टूल पुढे सरकवलं, हातात सुरी दिली. आम्ही सोलत बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबांनी माफी शेवटपर्यंत मागितली नाही, काका."

"तू वाट बघत होतीस?"

"नाही. मीही कुठे मागितली?" मग माझ्या पुढ्यातल्या ढिगाकडे बघून म्हणाली, "अहो, किती जाड साल काढताय! अर्धं फळ सालीतच चाललंय. बाबा अगदी असंच करायचे. मी रोज ओरडायचे त्यांना." ती उठली, खणातून सोलाणं काढलं आणि मला द्यायला आली. हात पुढे केला, आणि तशीच उभी राहिली… माझ्या हातांकडे बघत. मग सोलाणं तिनं परत खणात ठेवून दिलं.

उरलेले पीच मी सुरीनंच सोलले. साली चांगल्या जाड निघाल्या.