ब्रेक कुठल्या पायाला?

मी कंपनीत दिवसभर स्कूटरचे ब्रेक तपासायचो. मला मेव्हण्याची जुनी मोटरसायकल काय अवघड? बायकोला मागे बसवलं आणि राजगुरुनगरहून चाकणकडे सुसाट निघालो. अहाहा, काय पळत होती! तेवढ्यात वळणावर बैलगाडी आडवी आली. स्कूटरच्या सवयीने मी उजवा पाय दाबला, तर तिथे गिअर! गाडी थांबायची सोडून उसळली आणि आम्ही दोघं थेट कांद्याच्या वाफ्यात. मी भीतभीत मागे पाहिलं. बायको पदराची माती झटकत हसत होती.

"हल्लीच्या गाड्यांसारखं नाही, या जुन्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला असतो," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"लग्नाआधी शेतावर मीच चालवायचे की दादाची ही गाडी! उठा आता, अन् मागे बसा."