पाच स्वर, वीस आवाज

शिकवणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठत जातात: जुन्या वह्या आणि किस्से. वह्या मी रद्दीत घातल्या. किस्से रद्दीवाला घेईना, म्हणून तुम्हाला सांगतेय!

नव्वदच्या दशकात सिडकोत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, मी स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला. अंबडच्या कारखान्यांतले कामगार यायचे, गृहिणी यायच्या, मार्केटला माल टाकून शेतकरी यायचे. पहिल्या दिवशी मी सांगायचे, "इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच, पण आवाज वीसेक!" एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या चाळीत पण तसंच आहे मॅडम. घरं पाच, आवाज वीस!"

*

पिंगळे अंबडला सुपरवायझर होते. माणूस उत्साही, पण 'ऑ' काही त्यांच्या जिभेवर बसायचा नाही. कॉफीची काफी, ऑफिसचं आफिस आणि बॉसचा 'बास'!

कंपनीत नवे साहेब आले. पिंगळ्यांनी आठवडाभर त्यांना कँटीनमध्ये मोठ्या मानाने शेजारी बसवून घेतलं. चहावाले मामा साहेबांच्या कपात चहा ओतायला लागले, की पिंगळे अदबीने म्हणायचे, "घ्या, बास!" मामांची किटली जागच्या जागी थांबायची.

शनिवारी साहेबांनी हळूच विचारलं, "पिंगळे, इथे मॅनेजरला अर्धाच कप द्यायचा नियम आहे का?"

*

सुरेश आयटीआय झालेला. तीन इंटरव्ह्यू हुकलेले, घरी लग्नाची बहीण. चौथ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडून घोटून घेतलं: "लिव्ह ऱ्हस्व, म्हणजे राहणे. लीव्ह दीर्घ, म्हणजे सोडून जाणे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "व्हेअर डू यू लिव्ह?" घाबरलेल्या सुरेशला ऐकू आलं 'लीव्ह'. आत्ताशी आलोय, आणि हे सोडून जायचं विचारतायत? तो ताडकन उभा राहिला.

"नेव्हर सर! आय विल नेव्हर लीव्ह!"

संध्याकाळी पेढे घेऊन हजर. "मॅडम, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं."

"अरे, मग?"

"मग काय, घेतलं मला!"

*

सुनंदाताई संसारातून वेळ काढून यायच्या. क्लासमध्ये फारशा बोलायच्या नाहीत. एकदा मी फळ्यावर शब्द लिहिला, सी-ए-पी, कॅप. त्याच्या शेवटी 'ई' लावला, झालं केप! एच-ओ-पी हॉप, 'ई' लावला की होप! मी समजावलं, "हा शेवटचा 'ई' स्वतः तोंड उघडत नाही. नुसता येऊन बसतो, आणि आधीच्या स्वराचा आवाज बदलतो."

सुनंदाताईंनी वहीतून मान वर केली. "कळलं मॅडम. आमच्या सासूबाई!"

वर्ग खो खो हसायला लागला.

"हसता काय? त्या नुसत्या येऊन सोफ्यावर बसल्या, की आमच्या ह्यांचा आवाज बदलतो!"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. बी-यू-आर-वाय म्हणजे पुरणे. हा शब्द मी सात वर्षं ठासून 'ब्युरी' शिकवला. क्लासला एक रिटायर्ड जोशीकाका यायचे. नातू अमेरिकेत, त्याच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून. त्यांनी हात वर केला. "मॅडम, 'बेरी' आहे का हो ते? नातू तसं म्हणतो."

"छे!" मी म्हटलं.

घरी जाऊन डिक्शनरी उघडली. बेरी! कान गरम झाले. सात वर्षांत किती जणांना मी ब्युरी शिकवून बाहेर सोडलं होतं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि चूक कबूल केली.

मग काका म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. झालं गेलं बेरी करा!"

*

आणि हे नामदेवभाऊ. सायखेड्याचे द्राक्ष बागायतदार. परदेशी पाहुणा पहिल्यांदाच त्यांचा माल बघायला येणार होता. त्यासाठी भाऊंनी स्वतःच्या डोक्याने खोकी छापून घेतली. एक घेऊन अभिमानाने क्लासला आले.

"वाचा मॅडम!"

मी वाचलं, एस-डब्ल्यू-ई-ए-टी ग्रेप्स. "भाऊ, हे स्पेलिंग कुणी सांगितलं?"

"तुम्हीच तर शिकवलं! ई-ए म्हंजे ई. ईट, मीट, टीच. तसंच स्वीट ग्रेप्स! गोड द्राक्षं!"

"भाऊ, ई-ए कधी ई असतो, कधी ए. गोड या अर्थाचं स्वीट डबल ई-नं लिहितात. हे झालं स्वेट. स्वेट म्हणजे घाम."

भाऊंनी खोकं परत हातात घेतलं. "समदी छापून आली हायेत. पाहुणा परवा यायचाय."

दोष अर्धा माझाच होता. दोन दिवस मी त्यांच्याकडून ते दोन शब्द म्हणवून घेतले. स्वेट, स्वीट. स्वेट, स्वीट. अक्षरांवर चिकटपट्टी लावायचं वहिनींनी सुचवलं, पण भाऊ म्हणाले, "नाय. लपवल्यासारखं दिसतं लय."

पाहुणा आला त्या दिवशी दुभाषी म्हणून मीही गेले. शेडमध्ये खोक्यांची रास लागलेली. पाहुण्याने एक खोकं उचललं, वाचलं, आणि हसू दाबत भाऊंना विचारलं, "स्वेट ऑर स्वीट?"

मी सारवासारव करायला तोंड उघडलं. भाऊंनी हातानेच मला थांबवलं. बाहीने कपाळ पुसलं, घडातला एक मणी तोडून पाहुण्याच्या तळहातावर ठेवला.

"फर्स्ट स्वेट, सर," ते म्हणाले. "देन स्वीट."