चिमट्यानं उचलायचं वजन

टिकाराम गजभिये कॉलेजात महिनाभर उशिरा गेला. किरनापूरजवळच्या त्याच्या गावात धानाची रोवणी चालू होती आणि ऐन चिखलातून दोन हात कमी करणं भैयालालला शक्य नव्हतं. शेवटच्या बांधीत धान लागलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. मग बापानं पोराला बालाघाटच्या मोटारीत बसवलं. साल पासष्ट. त्या घरातून कॉलेजात जाणारा तो पहिला.

कॉलेजही नवंच होतं. एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात भरायचं. भिंतींना कोंड्याचा वास येई. शेजारची गिरणी सुरू झाली की फळा थरथरे. टिकारामनं बी.एस्सी. घेतलं आणि भौतिकशास्त्रानं त्याला पहिल्याच आठवड्यात धरलं. उंचावरून दगड सोडला तर हलका काय नि जड काय, दोन्ही बरोबरच खाली येतात, हे ऐकून तो रविवारी मुद्दाम गावी गेला. विहिरीच्या काठावर उभं राहून त्यानं बापाला दोन दगड टाकून दाखवले. पाण्याचा आवाज एकच झाला.

"दोघाले एकच नेम?" भैयालालनं विचारलं.

"हौ बाबा. राजानं टाकला काय, आपण टाकला काय."

"मंग हेच शिक," भैयालाल म्हणाला.

भैयालाल छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आल्या दिवशी त्यानं घरात एक नियम सांगितला. जिथं 'हात लावू नको' म्हणतील, तिथून उठून यायचं. भांडायचं नाही, विनवायचं नाही. उठायचं. त्याची अर्धी हयात वाण्याच्या ओट्याखाली उभं राहण्यात गेली होती. तराजूकडे नुसतं बोट केलं तरी वाणी अंगावर येई. दीक्षेनंतर भैयालाल मीठसुद्धा बालाघाटहून आणू लागला.

प्रात्यक्षिक गुरुवारी असे. पहिल्या गुरुवारी टिकाराम लवकर पोचला. तहान लागली होती. कोपऱ्यात माठ होता आणि पोरं येऊन आपापल्या हातानं पेला बुडवून पीत होती. टिकारामनं पेल्याला हात घातला तेव्हा प्रयोगशाळेचा चपराशी बाबूलाल पुढं आला.

"पूरा नाम क्या है?"

टिकारामनं सांगितलं. बाबूलालनं पेला काढून घेतला.

"अंजुली करो."

त्यानं वरून धार सोडली. टिकाराम प्यायला. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत गेलं. त्याच क्षणी उठायला हवं होतं, असं तो पुढं कितीदा तरी म्हणाला. पण सरांनी नाव पुकारलं आणि तो आपल्या टेबलाशी गेला.

टेबलावर काचेच्या पेटीत तराजू होता. दोन लहान पारडी, मध्ये काटा. शेजारी लाकडी डबीत, मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं बसवलेली. टिकारामनं जन्मात तराजूला हात लावला नव्हता. त्यानं एक वजन दोन बोटांनी उचललं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं.

"ए! हाथ मत लगाओ!" खोलीच्या त्या टोकावरून पटेरिया सर ओरडले. प्रात्यक्षिकं तेच घेत. "चिमटे से उठाओ, चिमटे से!"

पोरं हसली. टिकारामची बोटं अजून ओली होती. त्यानं वजन त्याच्या खळग्यात परत ठेवलं, वही उचलली आणि बाहेर आला.

बालाघाटात तो फकिराच्या खोलीवर राहत असे. फकिरा त्याचा आतेभाऊ, चार वर्षांनी मोठा. नागपूरला मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेला आणि कारकुनीच्या नेमणुकीच्या हुकमाची वाट पाहणारा.

"चिमट्यानं?" फकिरा अंथरुणावरून ताडकन उठला. "आपल्याले विस्तव समजते का तो?"

"सगळ्याइच्या समोर म्हणला."

"मंग पाय ठेवू नको तिथं. माफी मागते तवाच जा."

"अन् परीक्षा?"

"परीक्षा पेपरावर असते, येड्या. मले शिकवतं का?"

फकिराच्या बी.ए.ला प्रात्यक्षिक नव्हतं.

गावी भैयालालनं सगळं ऐकून घेतलं.  संध्याकाळी वस्तीतल्या चावडीवर त्याचा आवाज घरापर्यंत आला. "माहा पोरगा उठून आला! कालेजातून उठून आला!"

टिकाराम वर्गात जात राहिला. सहामाहीला भौतिकशास्त्राच्या पेपरात तो दुसरा आला. गुरुवारी मात्र तो पुस्तक घेऊन वैनगंगेच्या काठी बसे. असे सोळा प्रयोग हुकले. माफी मागायला कोणी आलं नाही.

फेब्रुवारीत फळ्यावर यादी लागली. टिकाराम गजभियेचा परीक्षेचा फॉर्म थांबवला होता. कारण, प्रात्यक्षिकात गैरहजर.

तो प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पटेरिया सर एकटेच होते. काचेची पेटी उघडी होती. सर एकेक वजन पुसून डबीत ठेवत होते. उजव्या हातात चिमटा होता. वजन चिमट्यानं उचलायचं, कापडावर फिरवायचं, चिमट्यानंच खळग्यात ठेवायचं. टिकाराम पाहत राहिला. चार वजनं झाली. पाच झाली.

"सर, आप भी चिमटे से?"

सरांनी मान वर केली. "तो और किससे? हाथ का पसीना लगता है। मैल लगता है। वज़न बदल जाता है।"

"किसके हाथ का?"

सरांना प्रश्न कळला नाही. "किसी के भी। मेरे हाथ का भी।" मग त्यांनी त्याला नीट पाहिलं. "तुम वही हो ना, जो उठकर चले गए थे? जुलाई में पहले ही दिन सबको बताया था। तुम कहाँ थे?"

जुलैत टिकाराम चिखलात होता.

"अभी करा दीजिए, सर। सब कर लूँगा।"

"सोलह में से एक भी नहीं। कॉपी पर मेरा एक दस्तख़त नहीं। अब मेरे हाथ में कुछ नहीं है।" सरांचा आवाज खाली आला. "पूछा क्यों नहीं, भाई? एक बार पूछ तो लेते।"

टिकाराम दारातच उन्हात उभा होता.  सरांनी बाबूलालला हाक मारली, "इसको पानी पिलाओ." बाबूलालनं पेला भरला, बाहेर आणला आणि उंच धरला.

"अंजुली करो."

चिमटा सगळ्यांना होता. ही धार त्याला एकट्याला होती. टिकाराम न पिता निघाला.

खोलीवर त्यानं फकिराला सांगितलं. चिमट्याचं सांगितलं, घामाचं सांगितलं.  

"पुढच्या साली पुन्हा नाव टाक," फकिरा म्हणाला. "मामाले खरं सांग. मी येतो संगं."

दोघं गावी गेले. भैयालाल अंगणात सुंभ वळत बसला होता. त्याच्या आईनं, शेवंताबाईनं, पोराला आणि फकिराला पाणी आणून दिलं.

"बाबा, परीक्षेले बसू नाही देत."

भैयालालचे हात थांबले. "त्यानं माफी मागतली का?"

"नाही."

"मंग राहू दे. उठल्या पंगतीत पुन्हा बसत नसतात. तू नाक राखलं आमचं."

फकिरानं टिकारामकडे पाहिलं. आता सांगायचं होतं. बाबा, तो चिमटा सगळ्यांनाच होता. एवढं एक वाक्य. ते बोललं की कॉलेजाची वाट उघडी होती. पण दहा वर्षांत बापाला मान ताठ करायला एवढी एकच गोष्ट मिळाली होती, आणि ती आता साऱ्या वस्तीची झाली होती. पाण्याची धार तर खरीच होती. मग बाप चुकीचा कुठं होता?

"बाबा," टिकाराम म्हणाला.

"काय?"

टिकारामनं तांब्या उचलला. पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला.

"काही नाही."

जुलैत कॉलेज उघडलं. पटेरिया सरांनी पहिल्याच दिवशी नव्या पोरांना तराजू समजावून दिला असेल. टिकाराम बांधीत होता. रोवणी चालू होती.